हात लावून बघितलंस का?

कोल्ड स्टोअरेजच्या फाटकावर माझ्या नावाची पाटी लागली, तेव्हा मी तिच्याखाली उभी राहून फोटो काढून घेतला होता. पिवळी पाटी, काळी अक्षरं. 'कारखान्याचे भोगवटादार : सौ. अंकिता ऋषिराज जगदाळे, संचालक.' भोगवटादार म्हणजे नेमकं कोण, हे मी कुणाला विचारलं नाही. शब्द भारदस्त वाटला, तेवढं मला पुरलं. फोटो फेसबुकवर टाकला, कोरेगावला आईला पाठवला, आईनं साऱ्या गोतावळ्याला पाठवला, आणि मावशीनं फोन करून विचारलं की आता पगार किती मिळणार. बी.कॉम. झालेल्या बाईनं इतकं भाबडं असू नये, पण मी होते.

तो फोटो आता सांगलीच्या कोर्टात दाव्याच्या कागदांना जोडलेला आहे. समोरच्या वकिलांनी तो माझ्याच फेसबुकवरून उचलला. कारखान्यात काही विपरीत घडलं तर कायदा ज्याची मान पहिल्यांदा पकडतो तो भोगवटादार, हे मला त्या दाव्याची नोटीस आल्यावर कळलं.

कंपनी तशी घरातलीच. तासगावच्या अलीकडं आमचं गाव, चहूकडं द्राक्षबागा. द्राक्षं सुकवून बेदाणा होतो, आणि तो भाव येईपर्यंत हिरवागार राहावा म्हणून थंड खोल्यांत ठेवतात. त्या खोल्या आमच्या. जमीन सासऱ्यांची, म्हणजे लालासाहेबांची. ते फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. मोठा मुलगा ऋषिराज, माझा नवरा, तोही फौजेत आणि कायम लांब. धंदा बघायचा तो धाकटा शंभूराज, माझा दीर. आणि मी संचालक, कारण महिला संचालक असली की सरकारी योजनेचे कागद भराभर हलतात असं शंभूनं ऐकलं होतं. आमच्या सभा स्वयंपाकघरात व्हायच्या. मी पोहे परतत असायची, शंभू म्हणायचा, वैनी, ठराव झाला बरं का. माझी सही तर मी कधी हातानं केलीच नाही. पेनड्राइव्हसारखी एक वस्तू असते, ती संगणकाला लावली की सही होते. घराघरातल्या संचालकांच्या असल्या सह्या सांगलीत सी.ए.च्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या असतात. माझ्या सहीवर चिकटपट्टी लावून 'वैनी' असं लिहिलं होतं. त्या सहीनं बाहेर काय काय गेलं ते मला माहीत नव्हतं. गॅसच्या दाबाचे सगळे मीटर तपासले आणि चालू आहेत, असा दाखलाही तिनंच गेला होता. मशीनघरातल्या मीटरचा काटा मात्र दिवाळीपासून शून्यावर अडकून बसला होता.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये माझा सत्कार ठरला. यशस्वी महिला उद्योजक म्हणून. हसू नका, तेव्हा मला हसू आलं नव्हतं. मी साताऱ्याहून पैठणी आणली होती. पाहुणे येणार, भाषणं होणार, मग सगळ्यांना थंड खोल्या दाखवायच्या, असा बेत होता. आणि नेमका दोन दिवस आधी मशीनघरातून वास यायला लागला. खोल्या गार करायला पाइपांतून अमोनिया फिरवतात. त्याचा वास एकदा नाकात गेला की डोळे आपोआप मिटतात. नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, चार दिवसांनी येतो. शंभूचा चेहरा उतरला. तेव्हा मीच म्हटलं, माझ्या माहेरचा माणूस आहे, मी बोलावते.

तो माणूस म्हणजे प्रबुद्ध. कोरेगावच्या राजाराम गुरुजींचा मुलगा. गुरुजींनी मला चौथीला शिकवलं, शिष्यवृत्तीसाठी घरी बोलावून गणितं करून घेतली, आणि कधी एक पैसा घेतला नाही. मी त्यांच्या ओसरीवर अपूर्णांक सोडवत बसायची आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान प्रबुद्ध शेजारी बसून घड्याळं खोलायचा. पुढं आय.टी.आय. केलं, शिरवळच्या कारखान्यांत गॅसच्या मशिनी शिकला, मग स्वतःचं काम सुरू केलं. हात इतका स्वच्छ की लोक साताऱ्याहून बोलवायचे. मला तो ताई म्हणायचा, चारचौघांतसुद्धा. मी फोन केला म्हणून तो दुसऱ्याची दोन कामं टाकून सत्काराच्या दिवशी सकाळीच मोटारसायकलवरून निघाला.

निघताना त्यानं एक गोष्ट सांगून ठेवली होती. मी पोचायच्या आत मशीननं पाइपांतला सगळा गॅस टाकीत ओढून घ्या, पाइप रिकामे झाल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडता येत नाही. मी ते शंभूला सांगितलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रबुद्धचा विट्यातून फोन आला तेव्हा मी मांडवात होते. फेटेवाला शंभूच्या डोक्याला फेटा बांधत होता. गॅस ओढला का, असं मी शंभूला विचारलं. त्यानं डोकं न हलवता हात वर करून झालं म्हणून सांगितलं. मी ते प्रबुद्धला सांगितलं. तो तेवढ्यावर थांबला नाही.

"ताई, मीटरवर माझा इस्वास न्हाई," तो म्हणाला. "आतल्या खोलीत भिंतीपाशी एक पाइप वर काय न गुंडाळल्याला, उघडा असंल. त्याला तू सोता हात लावून बघ. बर्फ धरला असंल तर लाइन भरल्याली हाय."

मांडवापासून ती खोली नव्वद पावलं. मी नंतर मोजली आहेत. माझ्या अंगावर पैठणी होती, समोर एक बाई कुंकवाचं ताट घेऊन उभी होती, फोटोवाला मला जरा डावीकडं सरकायला सांगत होता. मी फोन कानापासून लांब धरला. बघून यायला लागेल एवढा वेळ जाऊ दिला. मग फोन कानाला लावला.

"हात लावून बघितलंस का?" त्यानं विचारलं.

"बघितलं रे. कोरडा आहे," मी म्हटलं.

शंभूनं गॅस ओढलाच नव्हता. ओढल्यावर मशीन बंद ठेवावं लागलं असतं, आणि पाहुणे खोलीत शिरल्यावर त्यांना गारवा लागायला हवा होता. प्रबुद्ध आल्यावर स्वतः बघून घेईल, असं शंभूनं धरलं. शंभूनं बघितलं असेल, असं मी धरलं. प्रबुद्ध मागच्या दारानं आला, मीटरचा काटा शून्यावर बघितला आणि माझ्या शब्दावर व्हॉल्व्ह उघडला. मांडवात तेव्हा माझ्या कर्तृत्वावर भाषण चाललं होतं आणि माझ्या हातात नारळ होता. आधी वास आला. मग मागून कुणीतरी ओरडत पळत आलं. मशीन चालवणारा नाथाजी त्याला काखेत धरून बाहेर ओढत होता आणि प्रबुद्धचे दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबलेले होते.

उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

दावा त्याच्या बायकोनं, आम्रपालीनं लावायला लावला. ती परिचारिका आहे, कागदाला भीत नाही. प्रबुद्ध कंपनीचा नोकर नव्हता, त्यामुळे कामगारांना मिळतं तसलं काही त्याला मिळालं नाही. आणि कंपनीकडून तरी काय मिळणार? सहा महिन्यांत शंभूनं त्याच जागेवर, त्याच मशिनींवर दुसऱ्या नावाची कंपनी काढली. जुन्या कंपनीच्या नावावर एक शिक्का, एक वजनकाटा आणि माझी पिवळी पाटी एवढंच उरलं. पाटी आता गोठ्यामागं उलटी टेकवून ठेवली आहे.

आमच्या वकीलसाहेबांनी मला सगळं नीट समजावलं होतं. कायद्यानं कंपनी म्हणजे एक वेगळा माणूसच. तिनं केलं ते तिनं भरायचं, संचालकांच्या घरादाराला हात लागत नाही. अपवाद एकच. संचालकानं स्वतः काही केलं असेल, स्वतःच्या तोंडानं कुणाला भरवसा दिला असेल आणि त्यावर विसंबून त्या माणसाचं वाटोळं झालं असेल, तर मग कंपनीच्या आड उभं राहता येत नाही. वकीलसाहेब असं सांगून माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांना हात लावायचं काही बोलले नाही. ते घरातही कुणाला ठाऊक नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. फोनवर मी लाइन रिकामी आहे म्हणाले, एवढंच शंभूला माहीत होतं.

शंभूला धास्ती होती ती बागेची. दोन एकर द्राक्षबाग माझ्या नावावर आहे. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, निवृत्तीचा सगळा पैसा घालून ती उभी केली, वेलींना आधार देणारा एकेक डांब स्वतःच्या हातानं रोवला, आणि ऋषिराज सीमेवर गेला त्या वर्षी माझ्या नावावर करून दिली. पोराचं काही झालं तर सुनेनं कुणापुढं हात पसरू नये म्हणून. हुकूमनामा माझ्यावर झाला की पहिली ती बाग जाणार होती.

आणि सुटका अगदी हाताशी होती, कारण प्रबुद्धनं माझं नावच घेतलं नव्हतं. त्याची साक्ष आधीच्या महिन्यात झाली. लाइन रिकामी आहे असं कुणी सांगितलं, असं त्याला त्याच्याच वकिलानं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, कंपनीनं सांगितलं. कंपनीचं तोंड कुठलं, असं न्यायाधीशबाईंनी विचारलं, तरी तो गप्प. फोनच्या नोंदी कोर्टात होत्या, एक मिनिट चाळीस सेकंद बोलणं झालं हे दिसत होतं, पण काय बोलणं झालं ते कुठं लिहिलेलं नसतं. माहेरवाशिणीला कोर्टात ओढायचं नाही म्हणून तो गप्प राहिला, असं मी समजले. मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं.

माझ्या साक्षीच्या दिवशी आम्ही नऊलाच सांगलीत पोचलो. वकीलसाहेबांच्या ऑफिसात शपथपत्र तयार होतं. साक्षीची सुरुवात त्यानंच होते. साक्षीदाराचं म्हणणं कागदावर लिहून देतात आणि पिंजऱ्यात उभं करून विचारतात, हे तुमचंच ना, आणि खरं ना? पाचव्या परिच्छेदात लिहिलं होतं की घटनेच्या दिवशी माझे वादीशी यंत्राबाबत कोणतेही बोलणे झाले नाही, सदरचा फोन माहेरच्या लग्नकार्याबाबत होता. कुणाचं लग्न, हेसुद्धा शोधून ठेवलं होतं. माझ्या चुलतबहिणीचं, मे महिन्यातलं. मी सही केली. आयुष्यातली माझी कंपनीसाठीची पहिली हातानं केलेली सही.

शंभूनं मला चहा आणून दिला. तो वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. बाळंतपणात मला मिरजेला दवाखान्यात त्यानंच नेलं होतं, रक्त त्यानंच दिलं होतं.

"वैनी, दोनच शब्द हायत," तो हळू म्हणाला. "हो म्हणायचं आन् खाली उतरायचं. आबांकडं बघा आन् बोला."

आबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताठ बसले होते. बूट पॉलिश केलेले, टोपी मांडीवर. त्यांनी शपथपत्र वाचायला मागितलं नव्हतं. घरातली बाई कोर्टात चढते आहे म्हणून सोबत यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. गाडीत सबंध वाटेत ते बागेतल्या छाटणीबद्दल बोलत होते.

कोर्टाच्या व्हरांड्यात पोचलो तर बाकावर प्रबुद्ध बसलेला. काळा चष्मा, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी त्याला अपघातानंतर इतक्या जवळून बघितलं नव्हतं. दवाखान्यात एकदा गेले होते, पण दारातूनच परत फिरले. त्याचा उजवा हात हवेत काहीतरी करत होता. मूठ अर्धवट मिटायची, जरा फिरायची, थांबायची. मग मान तिरकी व्हायची. मग पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला की काय.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं तिथून सटकले, तर नळापाशी आम्रपाली बाटली भरत होती. पळायला जागा नव्हती. तिनं बाटलीचं झाकण नीट लावलं आणि मगच माझ्याकडं बघितलं. भांडायला आलेली नाही, असं ती आधीच म्हणाली. वकिलांनी तुमच्याशी बोलू नका म्हणून बजावलंय, पण दोन वर्षं झाली, एक गोष्ट विचारायची आहे. मला वाटलं, हिला कळलं.

"त्यांचा हात बघितला का तुमी?" ती म्हणाली. "रोज दिवंलागणीला त्यो व्हॉल्व्ह उघडत्यात. काटा बघितला, दीड फेरा खोलला, थांबलो, कान लावला. सगळं म्हणून दाखवत्यात, मला ऐकाय बसवत्यात. आन् शेवटाला म्हणत्यात, ताईनं सोता हात लावून बघितलं हुतं, पाइप कोरडा हुता. म्हंजी गॅस माझ्याच हातनं कुठनंतरी सुटला. माझंच कायतरी चुकलं. तुमीच मला सांगा, त्यांचं काय चुकलं?"

मी नळ उगाच सोडला आणि बंद केला.

"तुमचं नाव का घेत न्हाईत म्हणून मी लय भांडले," ती पुढं म्हणाली. "तर म्हणत्यात, तिनं तिचं काम केलं, तिचं नाव कशापाय घेऊ. दुसऱ्याच्या मशीनचं आता नुसतं सांगूनसुद्धा देत न्हाईत. पोरं इचाराय येत्यात, शिकवा म्हणत्यात. हाकलून देत्यात. माझा हात खोटा हाय म्हणत्यात."

बाटली घेऊन ती निघून गेली. मी नळाशी उभी राहिले. तो मला वाचवत होता असं मी महिनाभर समजत होते. तो मला वाचवत नव्हताच. माझ्यावर त्याचा विश्वास होता, आणि त्या विश्वासाचा हिशेब जुळवायला त्यानं दोष स्वतःच्या हातांवर घेतला होता. ज्या हातांनी तो गुरुजींच्या ओसरीवर घड्याळं खोलून पुन्हा लावायचा त्या हातांवर. डोळे आमच्या मशीननं घेतले होते. हातांवरचा त्याचा भरवसा मात्र मी एकटीनं घेतला होता, आणि रोज संध्याकाळी घेत होते.

तेवढ्यात शिपायानं पुकारा केला. माझं पूर्ण नाव, पाटीवर होतं तसंच.

पिंजऱ्यात चढले. शपथ घेतली. खोलीत पंखा करकरत होता, टंकलेखक बोटं मोडत होता. पहिल्या बाकावर शंभू, त्याच्या शेजारी आबा. दुसऱ्या बाजूला आम्रपाली आणि प्रबुद्ध. माझा आवाज कुठून येईल त्या दिशेनं त्यानं तोंड केलं होतं. वकीलसाहेबांनी शपथपत्र माझ्यापुढं धरलं. यावरची सही तुमची का? मी हो म्हटलं. यातला मजकूर तुम्ही सांगितल्याप्रमाणं लिहिलेला आणि खरा आहे का?

मी बागेचा विचार केला. खोटं कशाला सांगू, केला. आबांनी डांब रोवताना फोड आलेले हात मला दिसले. शंभूनं दिलेलं रक्त आठवलं. नवरा तिकडं बर्फात उभा, आणि त्याच्या माघारी मी त्याच्या बापाची कमाई घालवणार. हो म्हणायचं आणि खाली उतरायचं. वकीलसाहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं.

"पाचवा परिच्छेद खोटा आहे," मी म्हटलं.

वकीलसाहेब झटकन पुढं झाले. साक्षीदाराची तब्येत बरी नाही, पुढची तारीख मिळावी. न्यायाधीशबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. त्या माझ्याकडं वळल्या. खोट्या मजकुरावर सही केली हे कबूल केलं तर त्याचे परिणाम तुमच्यावर होतील, समजतंय का, असं त्यांनी विचारलं. मी समजतंय म्हटलं. मग त्या म्हणाल्या, खरं काय ते सावकाश सांगा, लिहून घ्यायचं आहे.

मी सांगितलं. सत्कार, पैठणी, वास, विट्यातून आलेला फोन. गॅस ओढला का म्हणून मी दिराला विचारलं आणि त्यानं हो म्हणून हात केला, हेही सांगितलं. शंभूनं मान खाली घातली. पण तो मुद्दा मला तिथं ठेवायचा नव्हता.

"हात लावून बघ, असं प्रबुद्धनं मला सांगितलं होतं. दिराला नाही, कंपनीला नाही, मला," मी म्हटलं. "मी जागेवरून हलले नाही. थोडा वेळ जाऊ दिला आणि बघितलं म्हणून सांगितलं. पाइप कोरडा आहे म्हणून सांगितलं. लाइन भरलेली होती. त्याचं काही चुकलं नव्हतं."

न्यायाधीशबाईंनी ते एकेक वाक्य करून टंकलेखकाला सांगितलं. साक्षीदार म्हणते की मी जागेवरून हलले नाही. साक्षीदार म्हणते की वादीचे काही चुकले नव्हते. माझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून, सरकारी आवाजात, इतकं सावकाश ऐकणं ही वेगळी शिक्षा होती. प्रबुद्धचा हात मघापासून हवेत तसाच धरलेला होता, अर्धी मूठ वळलेली.

समोरच्या वकिलानं उलटतपासणीत फारसं काही विचारलंच नाही. त्याला विचारायला उरलं नव्हतं. सुनावणीची पुढची तारीख पडली आणि मी खाली उतरले.

बाहेर शंभू माझ्याजवळून गेला. बाग घालवलीत वैनी, एवढंच तो म्हणाला, आणि वकीलसाहेबांच्या मागं गेला. आबा व्हरांड्याच्या खांबापाशी उभे होते. मी त्यांच्या पायाशी बघत उभी राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती पावलं हुती गं तिथनं?" त्यांनी विचारलं.

"नव्वद, आबा."

"नव्वद," ते म्हणाले. मांडवाच्या जागेपासून ती खोली ते मनात मोजत असावेत, ती जमीन त्यांच्या पायाखालची होती. मग त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "आज रातीचं जेवण आपल्या घरीच कर, म्हायेरी जाऊ नगंस. ऋषीला मी सांगतो फोनवर." ते गाडीकडं गेले आणि मागच्या सीटवर बसून राहिले. दार उघडंच ठेवलं होतं.

प्रबुद्ध त्याच बाकावर बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले आणि त्याचं नाव घेतलं. आम्रपालीनं मला अडवलं नाही. त्याचा उजवा हात वर आला.

"काटा शून्यावर हुता," तो म्हणाला. "दीड फेरा खोलला. थांबलो. कान लावला." हात तिथंच थांबला. या जागी तो रोज माझं नाव घेत असणार. "मग बरोबर हुतं की."

"सगळं बरोबर होतं," मी म्हटलं.

"हे तू दवाखान्यातच सांगाय पायजे हुतंस ताई. डोळं गेल्यालं मी सोसलं असतं."

मला माफी मागायची होती. सकाळपासून तोंडात धरलेली ती गोष्ट आता इतकी लहान झाली होती की बाहेर काढायची लाज वाटली. मी नुसती हो म्हणाले. आम्रपालीनं ओढणी तोंडावर दाबून धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. कागदाला न भिणारी बाई, दोन वर्षांत तारखेला कधी रडली नव्हती.

प्रबुद्धनं चष्मा सारखा केला. मग शर्टाच्या खिशात चाचपून फोन काढला आणि तिच्याकडं धरला.

"त्या कालच्या पोराला फोन लाव," तो म्हणाला. "मशीन शिकाय आलावता त्यो. त्याला म्हणावं, उद्या सकाळी ये."